चिलीतला घेवडा ही भर नव्हे

अमेरिकेत ‘चिली’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ म्हणजे सुक्या मिरच्या, जिरे, लसूण आणि ओरेगॅनो यांच्या दाट रश्श्यात बराच वेळ शिजवलेले मांस होय. टेक्सास राज्याने १९७७ साली त्याला अधिकृत राज्यपदार्थाचा मान दिला, आणि तेथील अभिमानी मंडळींच्या मते या पदार्थात घेवड्याला, म्हणजे राजमा आणि त्याच्याच जातीच्या इतर वाळलेल्या दाण्यांना, मुळीच स्थान नाही. ‘चिली ॲप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल’ या संस्थेच्या स्पर्धानियमांत तर घेवडा, मॅकरोनी, भात अशा जिनसांची गणना ‘भर’ म्हणून केली असून त्या भांड्यात घालण्यास मनाई आहे. हा नियम पाककौशल्याच्या स्पर्धेपुरता राहिला असता, तर त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते, कारण स्पर्धेला नियम लागतात आणि मांस व मिरची यांच्यावरच स्वयंपाक्याची परीक्षा घ्यावी असे कोणी ठरवले, तर ते रास्तच आहे. मात्र घराघरांत चिकन आणि घेवडा घालून केलेली चिली रुळल्यानंतर याच नियमातील तुच्छता आहारविषयक सल्ल्यातही उतरली आहे. पौष्टिकता चिकनमध्ये असते आणि घेवडा केवळ स्वस्तात भांडे भरण्यासाठी घातला जातो, असे आता सांगितले जाते; आणि अधिक प्रथिनांच्या आहाराचा पुरस्कार करणारे त्यापुढे जाऊन घेवडा काढून चिकन दुप्पट करावे असे सुचवतात. पोषणशास्त्राची जी माहिती आज हाती आहे, तिच्या कसोटीवर हा सल्ला टिकत नाही.

इतिहासाचा हवाला देऊनही घेवड्याला उपरा ठरवता येत नाही. मिरची, टोमॅटो, मका आणि घेवडा ही चारही पिके अमेरिका खंडातील असून, घेवड्याची लागवड मेसोअमेरिका आणि अँडीज पर्वताचा प्रदेश अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली; गुरे आणि कोंबड्या मात्र मेक्सिको व टेक्सासच्या परिसरात स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहराच्या मिलिटरी प्लाझात चिली विकणाऱ्या ज्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत, त्यांच्याकडे मांसाच्या चिलीसोबत घेवडा आणि मक्याच्या टॉर्टिया मिळत असत. एकाच भांड्यात शिजले नाही तरी मांस आणि घेवडा एकाच ताटात येत होते, आणि शरीराच्या दृष्टीने महत्त्व ताटाला आहे, भांड्याला नाही.

प्रश्न मुळात आकड्यांचा असल्यामुळे आकड्यांपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांनुसार कातडी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसातून सुमारे १६५ किलोकॅलरी ऊर्जा, ३१ ग्रॅम प्रथिने आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ मिळतात. उकडलेल्या राजम्याच्या १०० ग्रॅममध्ये १२७ किलोकॅलरी आणि पावणेनऊ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात, म्हणून १३० ग्रॅम राजमा, म्हणजे अमेरिकी मापाचा साधारण पाऊण कप, ऊर्जेच्या हिशेबात १०० ग्रॅम चिकनच्या बरोबरीचा ठरतो. एका वाडग्यात हे दोन्ही घटक या प्रमाणात असतील, तर त्यांच्यातून मिळून सुमारे ३३० किलोकॅलरी आणि ४२ ग्रॅम प्रथिने मिळतात. घेवडा काढून त्याच्या जागी तेवढ्याच ऊर्जेचे चिकन घातले, तर प्रथिने ६२ ग्रॅमवर जातात, आणि दुप्पट चिकनचा सल्ला देणारे एवढाच आकडा पुढे करतात. त्या अदलाबदलीत काय गमावले जाते, याचा हिशेब ते मांडत नाहीत. १३० ग्रॅम राजम्याबरोबर आठ ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ, सुमारे १७० मायक्रोग्रॅम फोलेट, पाचशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम, पन्नासहून अधिक मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि जवळपास तीन मिलिग्रॅम लोह येते. फोलेट हे पेशींच्या विभाजनासाठी लागणारे ब गटातील जीवनसत्त्व असून प्रौढांना त्याची रोज ४०० मायक्रोग्रॅम गरज असते, म्हणजे एका वाडग्यातील घेवडाच या गरजेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग पुरवतो. चिकनमधील फोलेट नगण्य असते, तंतुमय पदार्थ शून्य असतात, आणि १०० ग्रॅममागे लोह सुमारे एक मिलिग्रॅम असते.

आता या लाभहानीला तोलायचे कसे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अमेरिकी लोकांच्या आहारातच आहे. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीला दर किलोमागे ०.८ ग्रॅम या मान्य प्रमाणानुसार दिवसाला ५६ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि घेवडा व चिकन असलेला तो एकच वाडगा त्यातील तीनचतुर्थांश भाग भागवतो. व्यायाम करणाऱ्यांची आणि वृद्धांची गरज याहून अधिक असते हे मान्य केले, तरी एका जेवणातून ४२ ग्रॅम प्रथिने मिळत असताना आणखी वीस ग्रॅमसाठी बाकी सारे सोडून देण्याची निकड त्यातून सिद्ध होत नाही. याउलट २०२० ते २०२५ या काळासाठीच्या अमेरिकी आहार मार्गदर्शक तत्त्वांत, लोकसंख्येच्या आरोग्याच्या दृष्टीने चिंताजनक प्रमाणात कमी पडणारे घटक म्हणून तंतुमय पदार्थ, पोटॅशियम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या चारांचा उल्लेख आहे. त्यात प्रथिने नाहीत. त्याच तत्त्वांनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया आणि ९७ टक्के पुरुष तंतुमय पदार्थांचे शिफारस केलेले प्रमाण गाठत नाहीत. या चारांपैकी पहिले दोन घटक घेवडा भरघोस पुरवतो. ज्या समाजाला प्रथिनांची टंचाई नाही आणि तंतूंची आहे, त्या समाजाला तंतू टाकून प्रथिने वाढवण्यास सांगणे हा पोषणाचा सल्ला म्हणवून घेण्यास पात्र नाही.

यावर नेहमीचे प्रत्युत्तर असे की घेवड्यातील प्रथिने ‘अपूर्ण’ असल्यामुळे ती हिशेबात धरूच नयेत. प्रथिने ज्या लहान रेणूंच्या साखळीने बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात, आणि त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नसल्याने ती अन्नातूनच मिळावी लागतात. घेवड्यात ही नऊही असतात. त्यात लायसिन भरपूर असते, परंतु गंधकयुक्त अमिनो आम्लांचे, विशेषतः मेथिओनिनचे, प्रमाण गरजेच्या मानाने तोकडे पडते. अशा सर्वांत तोकड्या घटकाला सीमाकारी अमिनो आम्ल म्हणतात. प्रथिनांची गुणवत्ता मोजण्याच्या ज्या पद्धती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञगटांनी १९९१ आणि २०१३ सालच्या अहवालांत पुढे आणल्या, त्या या सीमाकारी घटकावर आणि पचनीयतेवर आधारलेल्या आहेत, आणि त्यांत घेवड्याला चिकनपेक्षा बरेच कमी गुण मिळतात, हे खरे आहे. मात्र तो गुणांक त्या अन्नापुरता असतो, म्हणजे माणसाची सारी प्रथिने त्या एकाच अन्नातून येत आहेत असे गृहीत धरून काढलेला असतो. आणि चिकन-घेवड्याच्या चिलीत नेमकी हीच अट मोडते. प्रौढांच्या गरजेचे मान दर ग्रॅम प्रथिनामागे गंधकयुक्त अमिनो आम्लांचे साधारण २२ मिलिग्रॅम धरले जाते, तर चिकनमध्ये ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे ३१ ग्रॅम चिकन-प्रथिनांतील शिल्लक घेवड्याच्या ११ ग्रॅमची उणीव सहज भरून काढते, आणि घेवड्याची पचनीयता कमी धरली तरी निष्कर्ष बदलत नाही. अपूर्णतेचा आक्षेप अन्यत्र कितीही खरा असो, तो या पदार्थाला लावणे ही गणिताची चूक आहे.

खरे तर हा आक्षेप निव्वळ शाकाहारी जेवणालाही तितकासा लागू पडत नाही. फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१ सालच्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकाने धान्य आणि कडधान्य एकाच जेवणात जुळवून खाण्याची कल्पना अमेरिकेत लोकप्रिय केली. त्याच लेखिकेने दहा वर्षांनंतरच्या आवृत्तीत, या जुळवाजुळवीवर आपण गरजेपेक्षा अधिक भर दिला होता, असे मोकळेपणाने मान्य केले. दिवसभरात पुरेसे आणि विविध अन्न खाणाऱ्या प्रौढाला अमिनो आम्लांची जोडणी प्रत्येक घासात करावी लागत नाही, ही गोष्ट आता आहारशास्त्रात सर्वमान्य आहे, आणि तरीही ‘अपूर्ण’ हे विशेषण कडधान्यांच्या पाठीवरून उतरत नाही याचे वाईट वाटते.

लोहाच्या बाबतीत मात्र चिकन आणि घेवडा एकत्र येण्याला खरोखरच विशेष अर्थ आहे, आणि येथे दोन्ही बाजूंच्या अतिरेकी मतांना उत्तर मिळते. अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांसातील हिमोग्लोबिनसारख्या रंगद्रव्यांत असलेले हीम लोह आतड्यातून सहज शोषले जाते. वनस्पतींतील बिगर-हीम लोहाचे शोषण मात्र सोबत काय खाल्ले आहे यावर फार अवलंबून असते. घेवड्यात लोह पुष्कळ असले, तरी त्यातील फायटेट, म्हणजे बियांमध्ये फॉस्फरस साठवून ठेवणारे संयुग, आणि लाल सालीतील पॉलिफेनॉल ही रंगद्रव्ये त्या लोहाला बांधून ठेवतात. म्हणूनच तक्त्यातील लोहाचा आकडा दाखवून घेवडा मांसाची जागा पूर्णपणे घेतो असे म्हणणाऱ्यांचा दावा अपुरा पडतो. तथापि १९६८ साली व्हेनेझुएलातील मिगेल लेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी लोहाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांतून असे आढळले की काळा घेवडा आणि मका यांसारख्या अन्नातील लोह मांस किंवा मासे यांच्या जोडीने खाल्ले असता अधिक शोषले जाते. पुढे १९७६ साली जेम्स कुक आणि एलेन मॉन्सेन यांनी निरनिराळ्या प्राणिज प्रथिनांची तुलना केली, तेव्हा गोमांस, डुकराचे मांस, चिकन आणि मासे यांच्यामुळे बिगर-हीम लोहाचे शोषण अंड्यातील प्रथिनाच्या तुलनेत दोन ते चार पट झाले, तर दूध आणि चीज यांनी अशी कोणतीही मदत केली नाही. म्हणजे हा गुण सर्वच प्राणिज प्रथिनांचा नसून स्नायूंच्या मांसाचा आहे, आणि त्याला पोषणशास्त्रात ‘मांसघटक’ म्हटले जाते.

या निष्कर्षाचा रोख नीट पाहिला पाहिजे. चिकनमध्ये स्वतःचे लोह थोडेच असते. लोहाच्या बाबतीत त्याची मोठी कामगिरी शेजारच्या घेवड्यातील लोह मोकळे करण्याची आहे, आणि घेवडाच काढून टाकला तर ही कामगिरी बजावण्यासाठी समोर काहीच उरत नाही. शिवाय त्यासाठी मांस फार लागते असेही नाही, कारण डेन्मार्कमधील एका प्रयोगात फायटेटयुक्त जेवणात ५० ग्रॅम डुकराचे मांस घातल्यानेही शोषणात स्पष्ट वाढ दिसली. टोमॅटो, भोपळी मिरची आणि वाढताना वर पिळलेले लिंबू यांतील क जीवनसत्त्व हेच काम दुसऱ्या मार्गाने करते, जरी बराच वेळ शिजवल्याने रश्श्यातील त्याचा काही भाग नष्ट होत असला तरी. लिंबू आणि चिरलेली कच्ची मिरची शेवटी घालण्याची पद्धत म्हणूनच चवीपलीकडेही उपयोगाची आहे. मासिक पाळीमुळे ज्यांची लोहाची गरज पुरुषांच्या दुपटीहून अधिक असते अशा स्त्रियांना घेवडा वगळून केवळ चिकनची चिली खाण्याचा सल्ला देणे, हे या सर्व संशोधनाकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. चिकनचे स्वतःचे योगदान यामुळे कमी लेखण्याचे कारण नाही. नायसिन, ब-६ आणि सेलेनियम त्यातून भरपूर मिळतात, आणि घेवड्यात मुळीच नसलेले ब-१२ थोडे का होईना मिळते.

घेवड्यावरील आणखी एक तक्रार पोटातील वाऱ्याची आहे, आणि ती खरी असल्याने झटकून टाकता येत नाही. घेवड्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या छोट्या शर्करासाखळ्या असतात, त्या तोडणारे विकर मानवी लहान आतड्यात नसते, म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. मात्र त्याच आंबवण्यातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्लेही तयार होतात, जी मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहेत. भिजवलेले पाणी टाकून दिल्याने या शर्करा काही अंशी कमी होतात, आणि थोड्या प्रमाणापासून सुरुवात केल्यास बहुतेकांच्या शरीराला सवय होते. याच अन्नातील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले अडवून ठेवतात आणि त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. २०१४ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात २६ प्रयोगांचा आढावा घेण्यात आला, आणि रोज सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास कडधान्ये खाणाऱ्यांत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे अपायकारक कोलेस्टेरॉल, सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे प्रमाण चिलीच्या एका वाडग्यातील घेवड्याइतकेच आहे. घेवड्यातील स्टार्चही सावकाश पचत असल्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर हळूहळू चढते, म्हणून ‘कर्बोदके आहेत’ एवढ्याच कारणावरून त्याला पांढऱ्या पावाच्या पंक्तीला बसवणे सर्वस्वी चुकीचे आहे.

लेक्टिनची भीती या साऱ्याहून वेगळी आहे, कारण तिच्यात सत्याचा एक अंश आहे आणि त्यावर उभारलेला बराच मोठा डोलारा आहे. लेक्टिन म्हणजे पेशींवरील शर्करांना चिकटणारी प्रथिने. स्टीव्हन गंड्री यांच्या २०१७ सालच्या ‘द प्लांट पॅराडॉक्स’ या पुस्तकाने त्यांना अनेक विकारांचे मूळ ठरवले आणि असंख्य वाचकांच्या ताटातून कडधान्ये हद्दपार झाली. कच्च्या लाल राजम्यातील फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन खरोखरच विषारी असून चार-पाच कच्चे दाणे खाल्ल्यानेही काही तासांत उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. परंतु ते उकळत्या पाण्यात नष्ट होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा की दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळ उकळावेत. खरा धोका आहे तो मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचा, ज्यात अमेरिकी घरांत चिकन चिली सर्रास केली जाते: त्यात सुका राजमा न उकळता थेट टाकला तर आतील तापमान पुरेसे चढत नाही, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट शिजलेला दाणा कच्च्या दाण्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो. चिलीच्या पाककृती लिहिणाऱ्यांनी ही सूचना ठळकपणे द्यायला हवी, आणि ती न देणे हा गंभीर हलगर्जीपणा आहे. मात्र शिजवण्याच्या चुकीवरून संपूर्ण अन्नवर्गाला दोषी ठरवणे वेगळे. डबाबंद घेवडा आधीच उच्च तापमानाला शिजवलेला असतो, आणि प्रेशर कुकर तर हा प्रश्नच मिटवतो. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कोरेगाव परिसरातील ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो राजम्याच्याच जातीचा असून, कडधान्य रात्रभर भिजत घालून कुकरला शिट्ट्या देण्याची येथील रीत लेक्टिनचे नाव कोणी न ऐकताही त्याचा बंदोबस्त करत आली आहे.

चिकन-घेवड्याच्या चिलीवर रास्त टीका करायची असेल, तर ती मिठावर आणि वरच्या सजावटीवर व्हायला हवी, आणि घेवड्याला नावे ठेवणारे नेमके तेथे गप्प असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, तर बाजारातील अनेक तयार डबाबंद चिलींच्या एकाच कपात सोडियम १००० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. घरी केलेल्या चिलीतही तयार मसाल्याची पाकिटे, रश्श्याचे तयार पाणी आणि डब्यातील दाण्यांचे खारट पाणी एकत्र आले की तोच प्रकार होतो. वर घातलेले मूठभर चीज आणि आंबट साय संपृक्त स्निग्ध पदार्थ वाढवतात, आणि त्यांतील कॅल्शियम त्या जेवणापुरते लोहाच्या शोषणाला आडवे येते, म्हणजे चिकनने मोकळे केलेले लोह काही अंशी पुन्हा अडते. डब्यातील घेवडा पाणी निथळून नळाखाली धुतला, तर त्यातील सुमारे चाळीस टक्के सोडियम निघून जाते. घरी भिजवून मिठाशिवाय शिजवलेल्या दाण्यांत मात्र सोडियम जवळजवळ नसते आणि पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे डब्यातील मिठाचा दोष घेवड्याच्या माथी मारण्यालाही कोणता आधार उरत नाही.